मास्तरचा श्वास

बाबल, आधी भांडून घेतो, मग काय रडायचं ते रडतो.

तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले. तेरावं आटपलं, तुझी खाट गच्चीवर उन्हात टाकली, वहिनीनं तुझा गिरणीत जायचा सदरा धुऊन घडी करून फळीवर ठेवला. येणारा-जाणारा तुझं चांगलंच बोलतो. बाबल असा, बाबल तसा, बाबलचा आवाज, बाबलचं मन. मी आपला बसल्या जागी मान हलवतो. पण तू काय नुसता गुणाचा पुतळा होतास होय रे? हट्टी होतास. लपवाछपवी करायचास. जन्मभर मी तुला शंभर गोष्टी सांगितल्या, त्यातल्या नव्व्याण्णव तू या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिल्यास, आणि जी एक सोडायला हवी होती ती तेवढी घट्ट धरून बसलास. माझं भांडण आहे ते तेवढ्याचंच.

मला ते कळलं भोईवाड्याच्या स्मशानातून परतताना. तुझ्या शेजारचे कापड विणायचे साचे चालवणारा तो साताऱ्याकडचा लक्ष्मण माझ्याबरोबर चालत होता. डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, बाबलदादा गेला, पर तुमचं लई उपकार हायेत आमच्या लायनीवर." मी म्हटलं, माझे कसले उपकार? मी दादरच्या शाळेत पोरांची कवायत घेतो, गिरणीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. तर तो म्हणाला, "आवो, मास्तरचा श्वास! दादानं शिकवला समद्यांना. गालानं नाय वढायचा, प्वाटातनं वढायचा. येका दमात दोरा भाईर. नवा बदलीवाला आला की आमी पैला त्योच शिकवतो."

मी तिथेच थांबलो. लक्ष्मणाला वाटलं मला भोवळ आली. मला धरून त्यानं एका पायरीवर बसवलं, कुठून तरी पाणी आणलं. बिचारा माझे आभार मानत होता रे, आणि मी त्याच्या हातचं पाणी पीत होतो.

तो रविवार मला आठवत नव्हता असं नाही. पण आठवणींच्या तळाशी कुठे तरी पडला होता, एखादं जुनं बिल पडून राहावं तसा. तुझी लालबागची खोली, गॅलरीत सतरंजी, वहिनीनं बांगडे तळलेले. तू कुठून तरी एक चीर गेलेला धोटा घरी आणला होतास. मी साचेवाला नाही, तेव्हा मला समजलं तसं लिहितो, चुकलं तर हस. कापडात आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. त्याच्या पोटात दोऱ्याची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या दोऱ्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते बोटानं निघत नाही. म्हणून भोकाला ओठ लावायचे आणि हवा आत ओढायची, की दोरा सुळकन् तोंडात. पाळीभर हेच. कांडी संपते, ओठ लावायचे, ओढायचं.

तू मला ते करून दाखवत होतास. गाल आत ओढून, डोळे बारीक करून. तीनदा ओढलंस तेव्हा दोरा आला. आणि मला, ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्या मला, मास्तरकी सुचली. "माकडासारखे गाल काय ओढतोस रे? तुला कुणी श्वास घ्यायला शिकवलंय की नाही? पाठ ताठ कर. आधी सगळी हवा सोड. आता पोटातून घे, खोल, एका दमात." तू पाठ ताठ केलीस, हवा सोडलीस, ओठ लावलेस आणि ओढलंस. दोरा पहिल्या झटक्यात आला. तू इतका खूश झालास की धोटा हवेत उडवलास. "शिरा पडली तुझ्या तोंडार मास्तरा! इतकी वर्सां खंय होतंस?"

मी तुझ्या पाठीवर थाप मारली, शाबास म्हटलं, दोन बांगडे जास्तीचे खाल्ले आणि दादरला घरी गेलो. संपलं. माझ्यासाठी ते तिथंच संपलं.

चाळीस पोरांना रोज सकाळी मैदानावर उभं करून मी काय सांगतो, ठाऊक आहे ना तुला? नाकानं घ्या. तोंड बंद. नाक हे देवानं दिलेलं गाळणं आहे, तोंड जेवायला आणि बोलायला. धूळ असेल तिथं खोल श्वास घेऊ नका, आधी मोकळ्या हवेत या. हे मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतो. श्वास नीट असेल तर पोराला धडा न अडखळता वाचता येतो, जिना चढता येतो, राग आवरता येतो, रात्री झोप लागते, हे सगळं मी पालकांना बोलावून ऐकवतो. आणि तोच मी तुझ्या गॅलरीत बसून तुला सांगून आलो की तोंडानं ओढ, आणि वरवर नको, पार पोटापर्यंत ओढ. कुठली हवा? कुणाच्या थुंकीचा धोटा? हे मला सुचलंसुद्धा नाही. ते काम होतं ना, आणि काम म्हटलं की माझं शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहतं.

गालानं ओढणारे माझ्या मते जास्त शहाणे होते. दोऱ्याबरोबरचा कचरा तोंडातच राहायचा, थुंकून टाकायचा. तुझा सरळ आत.

आणि श्वास मला शिकवला कोणी? तूच. हे मी शाळेत कधी सांगितलं नाही. लोकांना वाटतं हा मास्तर कुठल्या तरी योग्याकडून शिकून आला. आपण सात-आठ वर्षांचे असू. मला बाळदमा. थंडीत माझी छाती अशी वाजायची की शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या उठून यायच्या. आई देवाला हात जोडत बसायची, बाप पाळीवर. मग तुला हाक मारायचे. तू यायचास, माझ्या मागे मांडी घालून बसायचास आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवायचास. तुझा हात कायम गरम असायचा. "भियां नको रे. आधी सोड. भरलेल्या कळशेत आणखी पाणी मावतला काय? आधी रिकामी कर." मी घेण्यासाठी धडपडायचो आणि तू सोडायला सांगायचास. मग तू मोजायचास. एक... दोन... तीन... चारला सोडायचं, पाचला सोडायचं, मग आपोआप आत येतो तेवढाच घ्यायचा.

तुला हे कुणी शिकवलं होतं, देव जाणे. बहुतेक कुणीच नाही. पाणी भरता भरता सुचलं असेल. पण माझा दमा पुढे आखाड्यात जाऊन गेला, माझी नोकरी, माझी कवायत, माझं नाव, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. आधी सोड, मग घे. दमेकरी मी होतो, बाबल. आळीतल्या सगळ्यांनी मला मनातल्या मनात पोचवून ठेवलं होतं. आणि आज बसून लिहितोय मी, आणि तू...

जाऊ दे. भांडणावर येतो.

तुझ्या छातीची पहिली शंका मला आली ती मोर्च्यात. तुझा श्वास म्हणजे काय होता, हे गिरणगावाला मी सांगायला नको. आंदोलनाच्या पहिल्या वर्षी तू मोर्च्याच्या तोंडाशी चालायचास. छातीवर हात, मान वर, आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं सगळं एका दमात, "मुंबईसह" मधला "ई" परळ नाक्यापासून लालबागच्या बाजारापर्यंत ताणून. मग मागून हजारभर गळे, "झालाच पाहिजे!" गॅलरीतल्या बायका न बघता म्हणायच्या, आला गो, बाबल आला. आणि मी? मी फूटपाथवरून चालायचो. नोकरी होती ना. शाळेच्या कमिटीत कोण कोण बसलंय, कुणी पाहिलं तर काय, हे सगळं डोक्यात. मी "झालाच पाहिजे" ओठातल्या ओठात म्हणायचो. तू एकदा मला सगळ्यांसमोर धरलंस. "मास्तरा, तुझा 'पाहिजे' माझ्या कानापर्यंत येना नाय! फुप्फुसां शाळेत ठेवून इलंस काय?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला लागलं होतं. तेही आज सांगून टाकतो.

गोळीबार झाला, माणसं गेली, तरी तू पुढच्या मोर्च्याला तोंडाशीच. पण त्या वर्षी तू "महाराष्ट्र" म्हणायच्या आधी थांबलास. अगदी एवढंसं, मलाच कळलं. नंतरच्या वर्षी "संयुक्त"च्या आधीही थांबलास. त्याच्या पुढच्या वर्षी "मुंबईसह" म्हणून गुडघ्यावर हात टेकलास आणि बाकीचं लक्ष्मणानं पुरं केलं. माझ्यासारख्या माणसाला श्वास मोजायची खोडच, मी प्रत्येक वेळी मोजत होतो. मोजत होतो आणि तुला बोलत होतो.

काय काय बोललो रे मी! विडी सोड म्हटलं, तर तू विडीच ओढत नव्हतास. मग म्हटलं ताडी सोड. कारण तुझी छाती भरायची ती सोमवारी. रविवारी सुट्टी, रविवारी तू टुणटुणीत, माझ्याबरोबर शिवडीच्या खाडीपर्यंत चालत यायचास. आणि सोमवारी पाळीवर गेलास की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, संध्याकाळी खोकत यायचास. मी म्हटलं, बघ, रविवारी ढोसतोस ते सोमवारी वर येतं. तू म्हणालास, "मेल्या, माका ताडी चढना नाय, सोमवार चढता." मी म्हटलं, थट्टा पुरे. आळस आहे. पहाटे उठ, मैदानावर ये, दीर्घ श्वसन कर. तू म्हणालास, "दीर्घच करतंय रे. तूच शिकवलंस तसा."

मला वाटलं तू मला चिडवतोयस.

आणि मग तुझं ते वाक्य. "एकदा येऊन बघ मरे आमच्या खात्यात." किती वेळा म्हणालास? मी म्हणायचो, येईन की. गिरणीच्या गेटवर पास लागतो, मुकादमाला सांगावं लागतं, शाळेतून सुट्टी मिळत नाही. आणि खरं सांगू? मला तिथं यायचं नव्हतं. माझा बाप त्याच खात्यात खोकून खोकून संपला होता. मी तो भोंगा ऐकला की अजून कानावर हात घेतो. तू हे ओळखून होतास, म्हणून दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाहीस. तुझा हा समजूतदारपणाच मला आता सर्वांत जास्त बोचतो. ओढून न्यायचं होतंस मला. कॉलर धरून न्यायचं होतंस.

इस्पितळात डॉक्टरांनी तुझ्यासमोर हातभर अंतरावर काडी पेटवून धरली आणि म्हणाले, फुंका. लहानपणी तू खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाचा कंदील फुंकायचास आणि आईच्या शिव्या खायचास. तू फुंकलंस. ज्योत हललीसुद्धा नाही. पुन्हा फुंकलंस. डॉक्टरांचं बोट भाजायची पाळी आली तेव्हा त्यांनीच ती झटकली. तू म्हणालास, "काडी चांगली आसा तुमची, डॉक्टरानू. विझना नाय." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, गिरणीत किती वर्षं?

तू गेल्यावर मी त्यांच्याकडे परत गेलो होतो. त्यांना सगळं सांगितलं, रविवार, धोटा, पोटातून ओढ. म्हटलं, खरं सांगा. ते बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. म्हणाले, "मास्तर, तो त्या हवेत वीस वर्षं उभा होता. तुम्ही काही सांगितलं नसतं तरी गेला असता." मी विचारलं, "इतक्या लवकर?" त्यांनी गळ्यातली नळी काढून खिशात ठेवली आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं. मी उठलो.

म्हणून नवव्या दिवशी मी तुझ्या खात्यात गेलो. हो, गेलो. लक्ष्मणानं मुकादमाच्या हातापाया पडून मला दारापर्यंत नेलं. आत पाऊल टाकायचा हुकूम नव्हता, पण दारातूनच दिसलं. आवाजाचं काय सांगू, माझ्या शाळेतली सगळी पोरं एकदम ओरडली तरी तेवढा व्हायचा नाही. पण माझं लक्ष हवेकडे होतं. बाबल, ती हवा दिसत होती. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात कापसाची तूस नुसती तरंगत होती. माणसांच्या भुवया पांढऱ्या, कानांतले केस पांढरे. दारात उभ्या-उभ्या माझा घसा धरला. मी सवयीनं रुमाल नाकाला लावला, आणि मग तो काढून खिशात घातला. तुझ्या नाकाला कधी कुणी रुमाल लावला होता?

लक्ष्मणाला मी बाहेर बोलावून घेतलं. त्याला म्हटलं, बाबा रे, मास्तरचा श्वास बंद कर. सगळ्यांना सांग, मास्तर चुकला. मी घरून छत्रीची तार वाकवून एक बारीक आकडा करून नेला होता. म्हटलं, हा घे, यानं दोरा बाहेर ओढ, तोंड लावू नकोस. त्यानं आकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मन मोडू नये म्हणून चांगला आहे म्हणाला. मग म्हणाला, "आकड्यानं करीत बसलो तर साचा हुबा ऱ्हातो, मास्तर. साचा हुबा ऱ्हायला की जॉबर डोक्यावर हुबा ऱ्हातो." मी म्हटलं, मरशील. तो म्हणाला, "बाबलदादाला आदीचाच काय तरी रोग आसंल. तुमच्या श्वासानं न्हाय काय झालं. ह्ये बगा."

आणि त्यानं मला करून दाखवलं. कमरेला खोचलेला धोटा काढला, पाठ ताठ केली, सगळी हवा सोडली, ओठ लावले आणि एका दमात दोरा बाहेर. अगदी तुझ्यासारखं. अगदी मी शिकवलं तसं. मग माझ्याकडे बघत राहिला. माणूस पस्तिशीचा, पण नजर माझ्या वर्गातल्या पोरांची, शाबासकीची वाट बघणारी. मी शाबास म्हणू शकलो नाही. आकडा त्याच्या हातात तसाच ठेवून मी चालत दादरला आलो.

त्यानंतर मी आणखी आकडे केले. पाळी सुटायच्या वेळी गेटाबाहेर उभा राहतो. काही जण घेतात, काही हसतात. एकानं दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, म्हणाला, पोराला मासे पकडायला बरा आहे. मी रागावलो नाही. माझा राग तुझ्यावर आणि माझ्यावर मिळून संपला आहे.

आता ती दुपार. ती सांगायची मी टाळत होतो, इतका वेळ भांडणाच्या नावाखाली तेच केलं.

तू उशीला टेकून बसला होतास, आडवं होणं तुला आठ दिवस जमत नव्हतं. वहिनी पंखा घालत होती. मी तुझ्या मागे मांडी घालून बसलो होतो, तळवा तुझ्या पाठीवर. लहानपणी तू बसायचास तसा. तुझ्या पाठीचे मणके हाताला एकेक लागत होते. खाली रस्त्यावर माणसं दोऱ्यांना पताका बांधत होती, कारण मुंबईसह राज्य येणार हे ठरलं होतं, दिवससुद्धा ठरला होता. कुणी तरी शिडी मागत होतं, कुणी ओरडत होतं, डावीकडे ओढ, डावीकडे. तू मान वळवून ऐकत होतास. तुझ्या तोंडावर हसू होतं, हे मी शपथेवर सांगेन.

मग तू श्वास गोळा केलास. मला हाताखाली कळलं, सगळी पाठ ताणली गेली. आणि तू म्हणालास, "मुंबईसह..."

एवढंच निघालं. तू थांबलास. मान अर्धी माझ्याकडे वळवलीस.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "गप. बोलू नकोस. आधी सोड, मग घे. एक... दोन..."

तू माझ्याकडे बघत राहिलास. तुझे ओठ पुन्हा हलले. मी पुन्हा म्हटलं, बोलू नकोस, श्वास वाया घालवू नकोस. तीन... चार... पाच म्हटलं तेव्हा तू सोडलास, आणि मी घेण्याची वाट बघत बसलो. मी किती वेळ मोजत होतो मला माहीत नाही. वहिनीनं पंखा खाली ठेवला आणि माझा हात तुझ्या पाठीवरून उचलला, तेव्हा मी थांबलो.

बाराव्या दिवशी राज्य आलं. तू असतास तर त्या संध्याकाळी लालबागला झोपू दिलं नसतंस. ढोल, गुलाल, फटाके, प्रत्येक गॅलरीत आकाशकंदील, जणू चैत्र-वैशाखात दिवाळी. तुझ्या खोलीचं दार लोटलेलं. सुतकाचं घर म्हणून चाळीतल्या पोरांनी तुझ्या मजल्यावर फटाके लावले नाहीत, एवढं मात्र केलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी समोर. मी म्हटलं, आज बाबल हवा होता. तिनं पदर सारखा केला. मग हळू म्हणाली, "भावोजी, एक सांगू? रागावू नका."

मी म्हटलं, सांग.

"त्या दिवशी ह्यांका श्वास नको होतो. ह्यांका तुमचा उत्तर व्हया होता. तुमच्या तोंडाकडे बघत होते."

एवढं बोलून तिनं तोंड पदरात घातलं. बारा दिवसांत मी तिला पहिल्यांदा मोठ्यानं रडताना ऐकलं.

बाबल, तू आयुष्यात माझ्याकडे मागितलंस ते किती थोडं रे. खात्यात ये म्हणालास, मी आलो नाही. मोठ्यानं म्हण म्हणालास, मी म्हटलं नाही. आणि शेवटचा श्वास, जो मी रेशनसारखा जपून वापर म्हणत होतो, तो तू मला हाक मारण्यात घातलास, आणि मी त्यावरही मास्तरकी केली. तुझ्या छातीत गेलेली तूस मी काढू शकत नव्हतो. डॉक्टरही काढू शकत नव्हते. पण दोन शब्द मी देऊ शकत होतो, त्याला फुप्फुसंसुद्धा लागली नसती.

मी उठलो. दार उघडून गॅलरीत आलो. खाली गुलालानं लाल झालेली माणसं नाचत होती. पाठ ताठ केली. सगळी हवा सोडली, तू शिकवलंस तशी, कळशी पार रिकामी. मग घेतली. आणि कठड्याला धरून माझ्या सगळ्या जन्मात काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"झालाच पाहिजे!"

खालचे ढोल थांबले नाहीत, पण वरखालच्या गॅलऱ्यांतून लोक बाहेर आले. कोण ओरडलं म्हणून बघत होते. शेजारच्या खोलीतली म्हातारी हातात दिवा घेऊन माझ्याजवळ आली. तिला वाटलं मास्तरचं डोकं फिरलं. माझ्या खांद्याला हात लावून समजावल्यासारखं म्हणाली, "अरे मास्तरा, आता कित्या ओरडतंस? झालो मरे महाराष्ट्र. आजच झालो."

मी म्हटलं, "हो काकी, माहीत आहे."

आणि पुन्हा ओरडलो. छाती वाजायला लागली, लहानपणी वाजायची तशी, तरी ओरडलो. आतून वहिनीचं रडणं ऐकू येत होतं, आणि माझ्या पाठीवर हात नव्हता.